चढा गंधार

पहिली पट्टी मी वाया घालवली. स्वतःच्या हाताने विजेची गिटार करत होतो. तिच्या मानेवर जी लांब पट्टी चिकटवतात आणि जिच्यावर पडदे, म्हणजे धातूच्या आडव्या काड्या, ठोकतात, ती. शिसवीची होती. सुतारमामांनी एका मोडलेल्या कपाटाच्या चौकटीतून दोनच पट्ट्या काढून दिल्या होत्या आणि देतानाच बजावलं होतं, "तिसरी मागायला येऊ नको, नाही मिळायची." त्यातल्या पहिलीवर मी दोन रविवार बसून पडद्यांसाठी बावीस चिरा पाडल्या. तिसऱ्या रविवारी व्हर्निअर, म्हणजे बारीक मापाची पट्टी, लावला, तर बारावी चीर दोन मिलिमीटर पुढे सरकलेली.

मी बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, सीएनसीवर आहे, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या मशीनवर. पंधरा वर्षं हायड्रॉलिकचे स्पूल, बुश, व्हॉल्व्हच्या बॉड्या हाताखालून जातायत. आमच्याकडे दहा मायक्रॉनवरून भांडणं होतात. दोन मिलिमीटर म्हणजे दोन हजार मायक्रॉन. त्या दिवशी घास घशाखाली उतरेना.

हिशेब तसा अवघड नाही. वरच्या हाडाच्या खोबणीपासून खालच्या घोडीपर्यंत माझ्या तारेची लांबी ६४७.७ मिलिमीटर, म्हणजे साडेपंचवीस इंच. तिला १७.८१७ ने भागलं की पहिला पडदा कुठे बसतो ते कळतं: ३६.३५ वर. जी लांबी उरली तिला पुन्हा त्याच आकड्याने भागायचं, की दुसरा. असं करत गेलं की बारावा पडदा बरोबर मध्यावर येतो, ३२३.८५ वर, आणि तिथे मोकळ्या तारेचाच स्वर वरच्या सप्तकात वाजतो. सप्तकाचे बारा सारखे भाग करायचे म्हटलं की १७.८१७ हा आकडा निघतोच. माझी चूक भागाकारात नव्हती. मी प्रत्येक खूण मागच्या चिरेपासून मोजली होती. चिरेला जाडी असते, पेन्सिलीच्या टोकाला जाडी असते. दर खेपेला एक-दोन केसांएवढं पुढे गेलं, आणि बाराव्या चिरेपर्यंत सगळं साठत गेलं.

मामांना दाखवली. मामा सुतात मोजतात. इंचाचे आठ सूत, मग अर्धा सूत, पाव सूत. त्याच्या खाली त्यांच्याकडे शब्द नाही, डोळा आहे. पट्टी उजेडात धरून ते म्हणाले, "मोजताना फूटपट्टी उचललीस काय?"

"प्रत्येक वेळी."

"उचलायची नाही बघ. एका टोकाला धरून ठेवायची, सगळ्या खुणा करायच्या, मगच उचलायची. आम्ही दाराला बिजागऱ्या लावतानाबी तसंच करतोय."

हे मला माहीत नव्हतं असं कसं म्हणू? ड्रॉइंगवर सगळी मापं एकाच कडेवरून घ्यायची, हे नवीन पोरांना मीच शिकवतो. लाकूड हातात आलं आणि ते सगळं कुठे गेलं, कळलं नाही.

दुसऱ्या पट्टीला मी दोन महिने हात लावला नाही. तेवढ्या दिवसांत गिटारचं अंग घडवलं.

आमचं गाव खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या अलीकडे. पाऊस असा की जून ते सप्टेंबर कपडे चुलीवर वाळवायचे. परड्यातला फणस एका पावसाळ्यात वाऱ्याने मुळासकट आडवा झाला होता. आप्पांनी तो मिलवर चिरून आणला आणि फळ्या माळ्यावर टाकल्या, कधीतरी दार करायला होतील म्हणून. आठ वर्षं त्या धुरात आणि उंदरांच्या सोबतीत पडून होत्या. खाली काढून रंधा मारला तेव्हा काळपट सालपटाखालून हळदीसारखं पिवळं लाकूड निघालं. असा पिवळा मी लाकडात पाहिला नव्हता. आता दीड वर्षाने तो मधासारखा झालाय, आणि अजून गडद होतोय. दक्षिणेत वीणेचं आणि मृदंगाचं खोड फणसाचंच करतात, तेव्हा वाद्याला हे लाकूड परकं नाही. मान केली सागाची. २०१९ च्या ऑगस्टमधल्या त्या पावसात आमच्या जुन्या घराची मागची भिंत बसली, तेव्हा उतरवून ठेवलेल्या तुळईतून. ती तुळई आजोबांच्याही आधीची. इतकी वाळलेली की पटाशी मारली की लाकडातून भांड्यासारखा आवाज यायचा.

आणि शिसव. परदेशी गिटारींची माहिती वाचायला लागलो तेव्हा जागोजागी 'इंडियन रोझवुड' दिसायचं. मला ते कुठलंतरी भारी लाकूड वाटायचं. ब्राझीलच्या शिसवीच्या व्यापारावर १९९२ साली आंतरराष्ट्रीय बंदी आली, त्याच्याही आधीपासून जगभरचे गिटारवाले सह्याद्रीतल्या या झाडाकडे वळले होते. म्हणजे आमच्या मागच्या डोंगरात उभी असलेली शिसव. अमेरिकेत कुणाच्या बोटांखाली ती रोज आहे, आणि आमच्या गावात तिचे पाट आणि पलंगाचे पाय.

मामांकडे बसून काम करायचो. त्यांची सवय अशी की हातातलं हत्यार काढून घ्यायचे नाहीत. चुकतोय हे दिसलं तरी दोन मिनिटं बघत राहायचे. मानेचा मागचा गोल करताना मी मरफ्याने, जाड दातांच्या कानशीने, जोरात घासत होतो. बराच वेळ बघून त्यांनी माझा हात धरला, नुसता हात, आणि मानेवरून एकदा वरून खाली फिरवला. "डोळे मीट. कुठं अडकतोय सांग." अंगठ्याखाली एका जागी उंचवटा लागला, कागदाच्या जाडीचा असेल. व्हर्निअरने तो सापडला नसता, कारण गोलाला व्हर्निअर कुठे लावणार? तिथून पुढे सगळी मान मी डोळे मिटून घासली. शेवटी बारीक पॉलिश पेपर, मग लाखेचं पॉलिश, स्पिरिटात विरघळवून, कापडाच्या बोळ्याने पंचवीसेक हात. आई म्हणायची घराला दवाखान्यासारखा वास येतोय.

मान अंगाला चार स्क्रूंनी बसवली. ही पद्धत लिओ फेंडरने रुळवली. कॅलिफोर्नियातला हा माणूस मुळात रेडिओ दुरुस्त करणारा, स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. १९५० साली त्याने भरीव फळीची गिटार बाजारात आणली. मान खराब झाली तर स्क्रू सोडायचे, दुसरी बसवायची. कारखान्यातल्या माणसाला हे बघून फार बरं वाटतं. त्याच्याही आधी, १९३१-३२ च्या सुमाराला, जॉर्ज बीचम आणि ॲडॉल्फ रिकनबॅकर यांनी जी विजेची गिटार केली तिच्यात लाकूड नव्हतंच. ओतीव ॲल्युमिनियमची होती, तव्यासारखी गोल, म्हणून तिचं नावच पडलं 'फ्राइंग पॅन'. बेळगाव ओतकामाचं गाव. कास्टिंगच्या भट्टीसमोर उभा राहून मी कितीदा त्या तव्याचा विचार केलाय. पण ॲल्युमिनियम उष्णतेने पसरतं, आणि सूर जागचा हलतो.

आता कॉइल. यावर मी जास्त बोलणार, कारण विजेच्या गिटारीचा कान तोच.

लहानपणी बेळगावात माझ्या सख्ख्या मामाच्या गल्लीत गणपतीला ऑर्केस्ट्रा होता. मी स्टेजच्या मागे, वायरींच्या जंजाळात बसलेलो. मध्येच गिटारवाल्याची वायर निसटली. इतका वेळ छातीत धडधडणारा तो आवाज एकदम गेला, आणि त्या माणसाची बोटं मात्र तशीच चालत राहिली, टिण टिण टिण, डासाच्या आवाजाएवढी. मी त्या गिटारकडे बघतच बसलो. आवाज मग होता कुठे? घरी आल्यावर मामीला विचारलं, ती म्हणाली झोप आता.

खानापुरात मोटार वाइंडिंग करणारे एक अण्णा आहेत. उसाच्या पाण्याचे पंप जळले की त्यांच्याकडे. कन्नड बोलतात, मराठी कळतं, आणि आम्ही दोघं दोन्हींची खिचडी करून बोलतो. मी उद्यमबागेतून हायलमच्या, म्हणजे बेकेलाइटसारख्या पत्र्याच्या, दोन पट्ट्या कापून नेल्या होत्या, मध्ये सहा अल्निको चुंबकं, एकेका तारेखाली एक. आणि मागवलेली तार: इनॅमल चढवलेलं तांबं, ०.०६३ मिलिमीटर. अण्णांनी ती चिमटीत धरली, चष्मा वर केला, परत खाली केला. "ही तार हाय का केस?" हिच्यावर पंप कसा फिरणार, असा त्यांचा प्रश्न.

मी म्हटलं, फिरवायचं काही नाही, उलटं आहे. चुंबकाने वरची पोलादाची तार भारली जाते. ती थरथरली की कॉइलमधलं चुंबकत्व कमी-जास्त होतं, आणि तेवढ्याने तारेत वीज येते.

अण्णांनी क्षणभर विचार केला. "म्हंजे सायकलचा डायनामो."

तीस-पस्तीस वर्षं मी जे शोधत होतो ते एका शब्दात. खरंच, डायनामोच. फॅरडेने १८३१ साली दाखवलं तेच. कॉइलला हवेतला आवाज ऐकू येत नाही, तिला फक्त लोखंडाची हालचाल कळते. नायलॉनची तार लावा, तिच्या दृष्टीने तिथे काहीच नाही.

सात हजार सहाशे वेढे घालायचे होते. पहिल्या खेपेला चार हजारांच्या पुढे तार तुटली. आवाजसुद्धा आला नाही. काउंटर फिरत होता आणि बोटांमधला ताण अचानक नाहीसा झाला. तुटलेलं टोक त्या गुंत्यात सापडणं शक्य नव्हतं. अण्णांनी ब्लेडने सगळं तांबं कापून काढलं, भंगाराच्या डब्यात टाकलं आणि म्हणाले, "मशीनचा वेग कमी करतो. तू तार धर, तुझा हात हलका हाय." दुसऱ्या खेपेला दीड तास लागला. मी दोन बोटांत लोकरीचा तुकडा धरून त्यातून तार सोडत होतो. पंपवाले येत होते, बघून थांबत होते, कोणी बोलत नव्हतं. आकडा भरला तेव्हा अण्णा म्हणाले, "साकु." पुरे. मीटर लावला, जवळजवळ सहा किलोओहम. काडेपेटीपेक्षा लहान अशा त्या वस्तूत एक किलोमीटरहून जास्त तार बसली होती. पैसे घेतले नाहीत. गिटार झाली की आणून वाजवून दाखवायची, एवढंच.

मग दुसरी पट्टी. या वेळी पोलादी फूटपट्टी दोन क्लॅम्पने आवळली आणि बावीस खुणा झाल्याशिवाय क्लॅम्पला हात लावला नाही. चिरा पाडायला हॅकसॉचंच पातं, त्याच्या दातांचा फाकवा दगडावर घासून सपाट केलेला, म्हणजे चीर पात्याच्याच जाडीची पडते. पडदे जर्मन सिल्व्हरचे. नावात चांदी, आत तांबं, निकेल आणि जस्त. एकेक हलक्या हाताने ठोकला. व्हर्निअर लावला. बारावा ३२३.९. मी पट्टी कपाळाला लावली.

(यात एक मजेची गोष्ट पुढच्या मार्चमध्ये कळली. मुलीने मानेवरून हात फिरवला आणि तिच्या बोटाला ओरखडा आला. पावसाळ्यात ठोकलेले पडदे उन्हाळ्यात पट्टीच्या कडेबाहेर डोकावत होते. लाकूड रुंदीत आक्रसतं, लांबीत जवळजवळ नाही. म्हणजे पडद्यांची टोकं बाहेर आली, पण त्यांच्यातली अंतरं जागच्या जागी. कानसने टोकं घासली, झालं.)

श्रावणात तारा चढवल्या. सहा तारा सुरात आल्या की मानेवर मिळून सेहेचाळीस-एक किलोचा ओढा येतो, जवळजवळ सिमेंटच्या पोत्याएवढा. मानेच्या पोटात पोलादी सळई असते, ती हा ओढा तोलते. तरी शेवटची तार चढवताना मी श्वास धरला होता. काही झालं नाही. साग हलला नाही.

ॲम्प, म्हणजे ॲम्प्लिफायर, लावला तर आधी नुसता घूं आवाज. घरातल्या वायरिंगमधला पन्नास हर्ट्‌झ कॉइल गोळा करत होती. आतल्या पोकळीला तांब्याचा पत्रा चिकटवला, निम्मा गेला. आणि मग आठच्या सुमाराला लाईट गेली. छोटा ॲम्प बॅटरीवर होता. घूं पूर्ण थांबलं. सगळ्या गावात अंधार, पाऊस, आणि मी खालची जाड तार एकदा छेडली. ती इतका वेळ वाजत राहिली की आई स्वयंपाकघरातून चिमणी घेऊन दारात येऊन उभी राहिली.

आप्पा दुसऱ्या दिवशी ऐकायला बसले. आप्पा गावच्या भजनात पेटी वाजवतात, चाळीस वर्षं. मोबाईलवर सूर दाखवणारा काटा बघून मी सहाही तारा लावल्या आणि 'ई'चा कॉर्ड वाजवला. पेटीच्या भाषेत पांढरी तीनचा षड्ज, पंचम आणि गंधार एकत्र. आप्पांनी डोळे मिटले. परत वाजव म्हणाले. परत वाजवला.

"गंधार चढाय."

"आप्पा, काटा मधोमध आहे, बघा की."

"काटा बघून कोण गातंय?" त्यांनी पेटी ओढली, तोच स्वर दाबला. "ही बघ, काळी चार. माझी पट्टी. हिच्यात मी षड्ज लावला तर एकदम बरोबर. पण पांढरी तीनचा गंधार म्हणून हीच वाजवलीस की चढतीय. पेटीचाबी चढाच असतोय. म्हणून गळा पेटीच्या मागं न्यायचा नाही, गंधार आपला आपण लावायचा."

रात्री मी वही घेऊन बसलो. गळ्याचा गंधार षड्जाच्या सव्वापट. माझ्या गिटारीचा १.२६ पट. एका स्वरापासून लगतच्या स्वरापर्यंतच्या अंतराचे शंभर भाग केले तर आप्पांचा गंधार माझ्यापेक्षा चौदा भाग खाली. दोन्ही तारा एकत्र वाजल्या की त्यांच्या वरच्या स्वरांत सेकंदाला साडेसहा वेळा थरथर होते, आणि आप्पांना ती ऐकू येत होती. मग मी तो फरक पट्टीवर मोजला. गंधार बरोबर लावायचा तर पहिला पडदा पाच मिलिमीटर वर सरकवावा लागला असता. पाच! दोन मिलिमीटरसाठी मी एक शिसवीची पट्टी चुलीत घातली होती.

हे भांडण जुनं आहे आणि आमच्याच भागातलं आहे हे नंतर कळलं. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी शंभर वर्षांपूर्वी उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्यावरून श्रुती, म्हणजे सप्तकातले बारीक स्वर, मोजल्या, आणि क्लेमंट्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या साथीने श्रुतींची पेटी घडवून आणली. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीवर जी बंदी घातली, आणि जी तीसेक वर्षं टिकली, तिच्यामागेही हे ठोकून बसवलेले स्वर होतेच.

दिवाळीनंतर मिरजेला गेलो. सतारमेकर गल्लीत एका दुकानाच्या पायरीवर बसून दुपारभर बघत राहिलो. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या हातात इथे दीडेकशे वर्षांपूर्वी सतार आली. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. समोरचे गृहस्थ तंबोऱ्याची जवारी काढत होते. घोडीवर कानस दोनदा फिरवायची, तार छेडायची, ऐकायचं, परत दोनदा. तार घोडीच्या सपाटीला जी हलकीशी घासते, त्या घासण्यातूनच तंबोरा बोलतो. माझ्या गिटारीवर सातव्या पडद्याला तार अशीच घासली होती, तर मी तो दोष म्हणून पडदा खाली घासून काढला होता. शेजारी सतार तयार होत होती. तिचे पडदे दोऱ्याने बांधलेले. त्यांनी अंगठ्याने गंधाराचा पडदा थोडा वर ढकलला, तार छेडली, आणखी थोडा ढकलला. माझ्या डोळ्यांना ते अंतर पाच मिलिमीटरच दिसलं.

मी त्यांना माझी अडचण सांगितली. ते म्हणाले, "तुम्ही ठोकलेत. आम्ही बांधतो."

परत येताना गाडीत हेच डोक्यात. घरी येऊन आप्पांना सांगितलं. त्यांनी गिटार मांडीवर घेतली, पहिल्यांदाच. खुंट्या निरखल्या. "गंधार कुठल्या तारेवर हाय?"

"तिसऱ्या. पहिल्या पडद्यावर."

"तू दाबून धर."

मी 'ई' धरला. आप्पांनी उजव्या हाताने तारा छेडल्या आणि डाव्या हाताने तिसरी खुंटी सोडायला लागले. इतकी थोडी की खुंटी फिरतेय हे दिसत नव्हतं, त्यांच्या नखाचा रंग बदलत होता तेवढंच. थरथर हळू झाली. आणखी हळू. एका क्षणी थांबली, आणि सहा तारांचा एक आवाज झाला. आप्पांनी हात काढून घेतला. दोघंही तो विझेपर्यंत बोललो नाही.

मग मी बोटं सरकवून 'जी' धरला. तिसरी तार त्यात मोकळी वाजते, तो त्या कॉर्डचा षड्जच. उतरलेला, आंबट.

"बघा. हा बिघडला."

आप्पांनी गिटार माझ्याकडे दिली आणि पेटीचा भाता उघडला.

"मग एकाच पट्टीत वाजव की."